लॅपटॉपमधली पेटी कीबोर्डमध्ये न्यायची कशी: सॅम्पल कन्व्हर्ट करणाऱ्या नवीन मंडळींसाठी

श्रावण लागला की मला फोन सुरू होतात. "ताई, लॅपटॉपवर ती सनई काय सुंदर वाजते, तीच माझ्या कीबोर्डमध्ये टाकून दे ना, गणपतीत लागणारे." दरवर्षी एकेकाला फोनवर समजावत बसते, मग त्यातलं अर्धं तो विसरतो आणि आगमनाच्या आदल्या रात्री परत फोन येतो, म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहूनच काढते. मी स्वतः ऑर्केस्ट्रात आणि भजनाच्या कार्यक्रमांत वाजवते, माझ्याकडे यामाहाचा एमओडीएक्स-सहा आहे आणि आमच्या ग्रुपमधल्या एकाकडे कॉर्गचा क्रोनॉस, तेव्हा या दोन्हींवर हे काम मी केलेलं आहे. तुमचा कीबोर्ड वेगळा असला तरी पद्धत तीच, बटणं तेवढी बदलतील.

लॅपटॉपच स्टेजवर का नेत नाही असं कोणी विचारलं तर, न्या की, खूप जण नेतात. शिवाजी मंदिर किंवा दीनानाथसारख्या बंद नाट्यगृहात काही प्रॉब्लेम येत नाही. पण चाळीच्या चौकातल्या मंडपात एका एक्स्टेंशन बोर्डवर लायटिंग, मिक्सर, अॅम्प्लिफायर आणि तुम्ही असे सगळे लटकलेले असता, वरून ताडपत्रीतनं पाणी ठिबकतंय, त्यात लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, हार्ड डिस्क आणि त्यांच्या तीन वायरी सांभाळायच्या म्हणजे अर्धं लक्ष तिकडेच जातं. एमओडीएक्स-सहा ६.६ किलोचा आहे, बॅग पाठीला लावून मी लोकलने जाते, पोचल्यावर दोन वायरी जोडल्या की तयार. मला तरी हे जास्त सोपं पडतं.

आधी हे समजून घ्या की लायब्ररीत असतं काय

कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरची लायब्ररी घ्या नाहीतर दुसरी कुठलीही, आत तीन गोष्टी असतात. पहिली, रेकॉर्डिंगच्या फाइली, म्हणजे वाद्याचा एकेक सूर, यांनाच सॅम्पल म्हणतात. दुसरी, नकाशा, म्हणजे कुठली फाइल कुठल्या पट्टीवर आणि किती जोरात दाबल्यावर वाजणार. आणि तिसरी, स्क्रिप्ट, म्हणजे ती सगळी हुशारी, एका सुरावरनं दुसऱ्यावर जाताना मींड कशी येईल, तोच सूर परत दाबला तर वेगळं रेकॉर्डिंग कसं वाजेल, खालच्या पट्ट्या दाबून वाजवायची ढब कशी बदलेल वगैरे.

कीबोर्डमध्ये पहिली गोष्ट पूर्ण जाते, दुसरी नीट कन्व्हर्ट केली तर जाते, तिसरी जात नाही. कुठलंही कन्व्हर्टर घ्या, स्क्रिप्ट नाही जात. म्हणून मी सगळ्यांना पहिल्यांदा हेच सांगते की लायब्ररी न्यायची नाहीये, तुम्ही गाण्यात जो आवाज खरंच वाजवता तेवढाच न्यायचाय. वीस जीबीच्या फोल्डरमधनं तुमच्या कामाचा आवाज बऱ्याचदा पन्नास एमबीचाच निघतो.

मॅन्युअलमधनं चार आकडे काढा

कामाला हात घालायच्या आधी आपल्या कीबोर्डच्या मॅन्युअलमध्ये चार गोष्टी बघून कागदावर लिहा: युजर सॅम्पलसाठी मेमरी किती, ती वीज गेल्यावर टिकते का, कुठल्या फॉरमॅटच्या फाइली घेतो, आणि एका टोनमध्ये किती थर लावता येतात (थर म्हणजे एकाच पट्टीवर हळू, मध्यम, जोरात दाबल्यावर वाजणारी वेगवेगळी रेकॉर्डिंगं).

उदाहरणं देते. एमओडीएक्समध्ये युजर वेव्हफॉर्मसाठी १ जीबी फ्लॅश मेमरी आहे, माँटाजमध्ये १.७५ जीबी, दोन्हीत बंद केल्यावरही आवाज आतच राहतात, आणि दोन्हीत एका पार्टमध्ये (टोनला यामाहा पार्ट म्हणतो) आठ एलिमेंट, म्हणजे आठ थर मिळतात. क्रोनॉसची गोष्ट वेगळी, तिथे सॅम्पल रॅममध्ये लोड होतात, बंद केला की गेले, पण सिस्टीम व्हर्जन दोनपासून युजर सॅम्पल बँक आली ज्यात सॅम्पल आतल्या एसएसडीवर राहून तिथूनच स्ट्रीम होऊ शकतात, आणि ग्लोबलमध्ये ऑटो-लोडची सोय आहे ती लावली की चालू करताना आपोआप चढतात. क्रोनॉस वेव्ह, एआयएफएफ, साउंडफाँट दोन आणि जुने अकाई फॉरमॅटही वाचतो. त्याच्या एचडी-वन इंजिनमध्ये एका ऑसिलेटरला आठ व्हेलॉसिटी झोन असतात, व्हेलॉसिटी म्हणजे पट्टी किती जोरात दाबली तो आकडा, १ ते १२७. यामाहाचं इंजिन ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर चालतं, क्रोनॉसचं ४८ वर. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

ज्यांच्याकडे रोलंड एक्सपीएस-१० आहे, आणि आपल्याकडे खूप जणांकडे तोच असतो, त्यांनी लक्षात घ्या की त्यात पेनड्राइव्हवरून वेव्ह टाकता येते पण तो मोठ्या वर्कस्टेशनसारखा थरांचा नकाशा बनवणारा कीबोर्ड नाही. तुतारी, शंख, एखादा इफेक्ट यासाठी तो छान, सोळा थरांचा पियानो त्यात बसवायला जाऊ नका.

पहिला आवाज पेटीचाच घ्या

सगळ्यांना पहिल्यांदा पियानो हवा असतो. माझं ऐका, पेटीपासून सुरुवात करा. पेटीची पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज भात्याच्या हवेवर ठरतो, बोटाच्या जोरावर नाही, त्यामुळे व्हेलॉसिटीचा एकच थर पुरतो. सूर दाबून ठेवला तर तो सलग राहतो, म्हणून लूपही (फाइलमधला एक तुकडा परत परत वाजवणं) नीट शिकता येतो. आणि पेटीत चूक झाली तर आपल्या कानाला लगेच कळते, कारण तो आवाज आपण लहानपणापासून आरतीत ऐकलेला असतो.

हिशोब बघा. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट, मिनिटाला साधारण १० एमबी. मोनो त्याच्या निम्मं. साडेतीन सप्तकाची पेटी म्हणजे ४२ पट्ट्या, मिडी नंबर, म्हणजे कीबोर्डच्या पट्टीचा ठरलेला क्रमांक, ४८ ते ८९ धरू. प्रत्येक पट्टी सॅम्पल करायची गरज नाही, दर तिसरी घेतली तर १४ सूर होतात (४८, ५१, ५४ असं करत ८७ पर्यंत), आणि प्रत्येक सूर आपल्या खालच्या आणि वरच्या एकेका पट्टीला सांभाळतो, फक्त शेवटच्या ८७ ला ८९ पर्यंत ताणायचं. प्रत्येकी सहा सेकंद मोनो, झाले ८४ सेकंद, म्हणजे साडेसात एमबीच्या आत पेटी बसली.

आता पियानो. ३० सूर, चार थर, सरासरी १२ सेकंद, स्टिरिओ: १,४४० सेकंद, जवळजवळ २५४ एमबी. एमओडीएक्सची पाव मेमरी गेली. आणि तोच पियानो लायब्ररीत जसा असतो तसा, ८८ पट्ट्या, दहा थर, २० सेकंद, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ, असा न्यायचा म्हटला तर पाच जीबीच्या वर जातो. म्हणजे "जशीच्या तशी टाक" हे होणारच नाही, काय ठेवायचं हे तुम्हालाच ठरवावं लागणार.

दोन रस्ते आहेत

लायब्ररी उघडी असेल, म्हणजे वेव्ह फाइली तुम्हाला फोल्डरमध्ये दिसतायत आणि नकाशा एसएफझेड, साउंडफाँट किंवा कुलूप नसलेल्या एनकेआय (कॉन्टॅक्टचा फॉरमॅट) फाइलमध्ये आहे, तर कन्व्हर्टर वापरा. लायब्ररी बंद असेल, म्हणजे सगळं एका मोठ्या एन्क्रिप्टेड फाइलमध्ये कोंडलेलं, तर कन्व्हर्टर तिथे चालत नाही, आणि ते कुलूप तोडायच्या भानगडीत पडूच नका. मग आवाज सॉफ्टवेअरमध्ये वाजवून एकेक सूर परत रेकॉर्ड करायचा, याला ऑटो-सॅम्पलिंग म्हणतात.

इथेच परवान्याचं बोलून घेते. लायब्ररी विकत घेताना आपण जो करार मान्य करतो तो वाचा. बहुतेक करारांत गाण्यात वापरायला परवानगी असते आणि सॅम्पल दुसऱ्याला द्यायला, विकायला मनाई असते, काहींत तर परत सॅम्पल करण्यावरही अट असते. परवानगी असेल तरच करा, आणि स्वतःच्या कीबोर्डपुरतंच करा. टोन पेनड्राइव्हवर भरून शंभर-दोनशे रुपयांना विकायचे प्रकार चालतात ते मला अजिबात पटत नाहीत. कोणीतरी वादकाने दिवसचे दिवस बसून एकेक सूर वाजवलेला असतो, आपणही वादकच आहोत, आपण तरी हे जपलं पाहिजे.

रस्ता पहिला: कन्व्हर्टर

सरावासाठी सॅलमँडर ग्रँड पियानो डाउनलोड करा, फुकट आहे आणि परवाना मोकळा आहे. यामाहा सी-फाइव्ह पियानोचं सॅम्पलिंग, १६ थर, दर तिसऱ्या पट्टीला एक, म्हणजे ३० गुणिले १६, ४८० फाइली. सोबत एसएफझेड फाइल येते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडा. उघडाच, घाबरू नका, तो नुसता मजकूर असतो. प्रत्येक ओळीत दिसेल की कुठली वेव्ह, खालची पट्टी कोणती, वरची कोणती, मूळ सूर कोणता, व्हेलॉसिटी किती ते किती. नकाशा म्हणतात तो हाच. अर्धा तास ही फाइल वाचली की पुढे कुठल्याही कीबोर्डच्या स्क्रीनवर की रेंज, सेंटर की असले शब्द आले तरी अडणार नाही.

आता १६ पैकी चार थर निवडा. मी ४, ८, १२ आणि १५ ठेवले आणि व्हेलॉसिटी १ ते ४५, ४६ ते ८०, ८१ ते १०८, १०९ ते १२७ अशी वाटली. तुमच्या हाताचा जोर वेगळा असेल तर वेगळी वाटा, हे शेवटी वाजवूनच ठरतं. एसएफझेडची एक कॉपी करून त्यातनं बाकीच्या थरांच्या ओळी काढून टाका आणि उरलेल्यांचे आकडे बदला. फाइली २४ बिट ४८ च्या आहेत, त्या १६ बिटवर आणताना डिदर (एडिटरमधली अगदी बारीक आवाज मिसळायची सोय) लावा नाहीतर सूर विरत जातो तिथे शेवटी खरखर ऐकू येते.

कन्व्हर्टर म्हणून मी कन्व्हर्टविथमॉस वापरते, फुकट आणि ओपन सोर्स आहे, एका बाजूला स्रोत निवडायचा, दुसऱ्या बाजूला हवा तो फॉरमॅट. कॉर्गसाठी केएमपी निघतं, साउंडफाँट निघतं, यामाहाच्या काही मॉडेलचाही फॉरमॅट निघतो. पैसे द्यायची तयारी असेल तर अवेव्ह स्टुडिओ आणि चिकन सिस्टिम्सचं ट्रान्सलेटर ही जुनी नावं आहेत. यामाहावाल्यांनी जॉन मेलास यांचा वेव्हफॉर्म एडिटर बघावा, कारण कीबोर्डच्या स्क्रीनवर एकेक फाइल आत घेत १२० फाइली चढवायच्या म्हणजे रविवार गेला. साउंडफाँट बनवायला आणि दुरुस्त करायला पॉलिफोन आहे, तेही फुकट, आणि माझ्या मते नवीन माणसाने पहिल्यांदा तेच शिकावं कारण त्यात पट्ट्या, लूप, मूळ सूर सगळं डोळ्यासमोर दिसतं.

रस्ता दुसरा: वाजवून परत रेकॉर्ड करणं

मॅकवर मेनस्टेज किंवा लॉजिक असेल तर ऑटो सॅम्पलर आतच आहे, किती पट्ट्या, किती थर, किती सेकंद सांगितलं की तो करत बसतो. विंडोजवर सॅम्पलरोबॉट आहे. मी मात्र रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानेच करते, वेळ थोडा जास्त लागतो पण काय चाललंय ते कळत राहतं.

सुरुवात आवाज साफ करण्यापासून करायची. लायब्ररीतला रिव्हर्ब, डिले, कोरस, कॉम्प्रेसर सगळं बंद. हे लोक विसरतात आणि मग सॅम्पलमध्ये रिव्हर्ब कायमचा बसतो, तीन सूर एकत्र दाबले की सगळा चिखल होतो, आणि मंडपात आधीच आवाज चार भिंतींवर आपटत असतो. रिव्हर्ब कीबोर्डचा लावायचा, तो सभागृहाप्रमाणे कमी-जास्त करता येतो. लेगॅटो स्क्रिप्ट बंद, व्हायब्रेटो शून्य, मास्टर ट्यूनिंग ४४०, ट्रान्सपोज शून्य. पेटीची लायब्ररी बऱ्याचदा काळी एक किंवा पांढरी चारची करून ठेवलेली असते कारण मागे कोणाला तरी गायला लागलेलं असतं, ते आधी परत सरळ करा.

मग मिडी ट्रॅकवर १४ सूर टाका, प्रत्येक सहा सेकंद, मधे दोन सेकंद शांतता. प्रत्येक सुराला एकेक रीजन (टाइमलाइनवर आखलेला तुकडा) द्या आणि रीजनचं नाव मिडी नंबरने द्या, शून्य चार आठ, शून्य पाच एक असं तीन आकडी. रीजन रेंडर मॅट्रिक्समधनं एका फटक्यात १४ फाइली त्याच नावाने बाहेर पडतात. फाइलींना नावं इंग्रजी अक्षरांत आणि छोटी ठेवा, मराठीत ठेवली तर कीबोर्ड वाचू शकत नाही, आणि कॉर्गच्या जुन्या पद्धतीत लांब नावं कापली जातात, दोन फाइलींचं नाव कापून एकच झालं की एक दुसरीवर बसते.

सुराचं नाव अक्षरात न देता नंबरात का द्यायचं तेही सांगते. मिडी नंबर ६० ला यामाहा आणि कॉन्टॅक्ट सी-थ्री म्हणतात, कॉर्ग आणि रोलंड सी-फोर म्हणतात. अक्षरी नावावर भरवसा ठेवला की सगळी पेटी एक सप्तक वर किंवा खाली जाऊन बसते. ६० हा सगळीकडे ६० च.

फाइली निघाल्या की सुरुवातीची शांतता कापा. कान लावून नाही तर वेव्हफॉर्म मोठा करून बघा, वीस-तीस मिलिसेकंदाची शांतता राहिली तरी वाजवताना कीबोर्ड मागे पडल्यासारखा वाटतो आणि ढोलकीबरोबर जमत नाही. पण पेटीच्या स्वराआधी पट्टीचा आणि हवेचा जो बारीक आवाज येतो तो कापू नका, त्याच्यामुळेच ती पेटी वाटते. आणि नॉर्मलाइज, म्हणजे पातळी वाढवून कमाल करायची असेल तर सगळ्या फाइली मिळून एकत्र करा. एकेक वेगळी केली की खालचा सूर आणि वरचा सूर यांचा मूळ तोल जातो, पियानोत तर हळू थर आणि जोराचा थर एकाच पातळीला येतात आणि सगळी मेहनत वाया.

एक वेगळंच सांगते, लायब्ररीऐवजी घरातली खरी पेटी रेकॉर्ड करायची असेल तर पद्धत हीच, फक्त मुंबईत ते काम शेवटची लोकल गेल्यावर करा, पंखा आणि फ्रिज बंद करून.

लूप, ज्यात सगळे अडकतात

सहा सेकंदांच्या फाइलमधला सूर तुम्ही वीस सेकंद दाबून ठेवलात तर पुढे काय वाजणार? मधला एक तुकडा परत परत. हा तुकडा नीट जमला नाही तर दर फेरीला टक टक ऐकू येतं किंवा आवाज हेलकावे खातो.

टक टक येते कारण लूपची सुरुवात आणि शेवट यांची लाट जुळत नाही. दोन्ही टोकं शून्याच्या रेषेवर आणि लाट एकाच दिशेला जाताना घ्या, बहुतेक एडिटरमध्ये त्यासाठी शून्य शोधायची सोय असते. हेलकावे यायचं कारण जास्त बारीक आहे. पेटीत एका पट्टीला दोन-तीन सूरपट्ट्या एकत्र वाजतात, खर्ज, नर असं, आणि त्या अगदी तंतोतंत जुळलेल्या नसतात, त्यामुळे आवाजात एक हलकी लहर असते. समजा ती लहर सेकंदाला दोनदा येतेय, म्हणजे एक लहर अर्ध्या सेकंदाची. तर लूप अर्धा, एक, दीड, दोन सेकंद असाच हवा, पूर्ण लहरींचा. सव्वा सेकंदाचा घेतला की लहर मधेच तुटते आणि कानाला खटकते. म्हणून लूप शोधताना आधी डोळे मिटून लहर मोजा. मी पेटीला दीड-दोन सेकंदांपेक्षा छोटा लूप घेतच नाही, छोट्या लूपने पेटीचा भोंगा होतो.

एवढं करूनही सांधा ऐकू येत असेल तर क्रॉसफेड लूप करा, म्हणजे लूपचा शेवट आणि सुरुवात एकमेकांत विरघळवा. लक्षात ठेवा, कॉन्टॅक्ट हा क्रॉसफेड वाजवताना करतो, फाइलमध्ये तो नसतो, आणि बऱ्याच हार्डवेअरला तो येत नाही. तेव्हा एडिटरमध्ये क्रॉसफेड कायमचा फाइलमध्ये करून घ्या. लूपऑडिशनीअर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मुळात पाइप ऑर्गनच्या सॅम्पलसाठी बनवलेलं, पेटीला एकदम चालतं. लूपचे बिंदू वेव्ह फाइलच्या आतच साठवले जातात, त्यामुळे लूप लावल्यावर ती फाइल दुसऱ्या एडिटरमध्ये उघडून परत सेव्ह करू नका, काही एडिटर तो भाग गाळून टाकतात आणि तुम्हाला कळतही नाही.

सनईचं थोडं वेगळं. सनईत व्हायब्रेटो रेकॉर्ड झाला असेल तर तीन पट्ट्या वर वाजवल्यावर तो जवळजवळ १९ टक्के जलद होतो, कारण पिच वाढवणं म्हणजे फाइल जलद वाजवणंच. शेजारच्या दोन पट्ट्यांचा कंप वेगवेगळ्या वेगाने ऐकू आला की लगेच नकली वाटतं. म्हणून सनई, बासरी, सारंगी सरळ सुराची घ्या, दर दुसऱ्या पट्टीला घ्या, आणि कंप, मींड कीबोर्डच्या व्हील आणि पोर्टामेंटोने हाताने द्या. खरं सांगायचं तर स्क्रिप्टपेक्षा मला हाताने दिलेली मींडच जास्त जिवंत वाटते, कारण ती गायकाकडे बघून देता येते. पियानोला मी लूप लावायच्या फंदात पडत नाही, शेवटी फेड करून सोडते.

कीबोर्डमध्ये चढवणं

पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असू दे. एमओडीएक्सवर पार्ट एडिटमध्ये जा, एलिमेंट निवडा, ऑसिलेटर-ट्यूनच्या पानावर न्यू वेव्हफॉर्म आहे, तिथून पेनड्राइव्हवरची पहिली फाइल घ्या, मग तिच्यात बाकीच्या की बँक म्हणून जोडत जा आणि प्रत्येकीला की रेंज (कुठल्या पट्टीपासून कुठपर्यंत) आणि सेंटर की (मूळ सूर) द्या. पेटीच्या १४ फाइलींना हे हाताने करा, एकदा केलंच पाहिजे.

क्रोनॉसवर साउंडफाँट असेल तर डिस्क मोडमधनं लोड केला की तो स्वतःच आपल्या पद्धतीत बदलून घेतो. केएमपीने जात असाल तर फाइलींची रचना समजून घ्या: केएसएफ म्हणजे एकेक सॅम्पल, केएमपी म्हणजे नकाशा, केएससी म्हणजे सगळ्यांची यादी, आणि केएससीच्या नावाचंच फोल्डर शेजारी असतं. कॉम्प्युटरवर त्या फोल्डरचं नाव बदललंत की कीबोर्डला फाइली सापडत नाहीत. नाव बदलायचंच असेल तर कीबोर्डवरनंच परत सेव्ह करा.

चढवल्यावर प्रत्येक पट्टी खालपासून वरपर्यंत हळूहळू वाजवा. सगळंच साधारण दीड पट्टी वर किंवा खाली वाजतंय? सॅम्पल रेटचा घोळ आहे, ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजतेय किंवा उलट, फाइली योग्य रेटला परत काढा. बरोब्बर एक सप्तक चुकलंय? वर सांगितलेला सी-थ्री सी-फोरचा घोळ. तीन-तीन पट्ट्या एकच सूर देतायत? की फॉलो, म्हणजे पट्टीप्रमाणे सूर बदलायची सेटिंग, शून्यावर राहिलीये, शंभर टक्के करा. एखाद्याच पट्टीवर आवाज बदलल्यासारखा वाटतोय? तिथे झोन बदलतो, शेजारच्या सॅम्पलची पातळी एक-दोन डीबी वरखाली करून बघा.

मग टोन घडवा. पेटीला व्हेलॉसिटीचा परिणाम शून्य करा, पट्टी सोडल्यावर आवाज एकदम तुटू नये म्हणून रिलीज थोडासा द्या, आणि भात्याचा जोर एक्स्प्रेशन पेडलवर घ्या. हे पेडल लावल्यावर कुठलीही साधी पेटीसुद्धा श्वास घ्यायला लागते. स्क्रिप्टमधलं थोडं काही इथे परत मिळवता येतं: यामाहाच्या एलिमेंटला एक्सए कंट्रोल असतं, त्यात सायकल लावलं तर एलिमेंट आळीपाळीने वाजतात, की-ऑफ लावलं तर पट्टी सोडताना तो आवाज येतो. पेटीची पट्टी सुटताना जो लाकडी टक आवाज होतो तो मी दुसऱ्या एलिमेंटवर की-ऑफने ठेवलाय, अगदी हळू. तो असल्याचं कोणाला कळत नाही, पण काढला की काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

सेव्ह, आणि मंडपात जायच्या आधी

एमओडीएक्सवर युजर फाइल आणि लायब्ररी फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युजर फाइल लोड केली की आधीचा सगळा युजर भाग पुसला जातो. दुसऱ्याने दिलेली फाइल नुसती "बघूया" म्हणून लोड करून कित्येकांनी स्वतःचे टोन घालवलेत. काहीही लोड करायच्या आधी आपली युजर फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा, आणि तयार झालेली पेटी लायब्ररी फाइल म्हणून सेव्ह करा, अशा आठ लायब्ररी आत बसतात. मूळ वेव्ह, एसएफझेड, रीपरचं प्रोजेक्ट वेगळं जपा, उद्या कीबोर्ड बदलला तर तिथूनच परत सुरुवात होते.

मागे एका गणपतीच्या कार्यक्रमात आम्ही क्रोनॉसवर सनई रॅममध्ये लोड करून ठेवली होती, ऑटो-लोड लावलेला नव्हता. लाइट गेली, जनरेटर लागला, कीबोर्ड परत चालू झाला, टोनचं नाव स्क्रीनवर तेच, पण पट्टी दाबली तर आवाजच नाही. समोर गायिका उभी, अंतऱ्याच्या आधीचा तुकडा सनईचाच. मी माझ्या एमओडीएक्सवरच्या ओबोने तो वाजवून नेला, पण ते दहा सेकंद मला अजून आठवतात. तेव्हापासून आमचा नियम आहे, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी कीबोर्डची वायर सरळ काढायची, म्हणजे आधी सगळं सेव्ह करून, कुठलंही काम चालू नसताना, मग परत लावायची आणि घड्याळ लावून बघायचं की आपला आवाज किती वेळात वाजायला लागतो. क्रोनॉसला चालू व्हायला मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात निवेदकाने काय बोलायचं तेही ठरवून ठेवायचं. शिवाय सेटलिस्टमध्ये आपल्या बनवलेल्या टोनच्या शेजारच्याच जागेवर कंपनीचा तसाच एखादा टोन लावून ठेवायचा, पेटीशेजारी पेटी, सनईशेजारी ओबो, म्हणजे एका बटणावर पलीकडे जाता येतं.

आणि आवाजाची पातळी साउंडवाल्या दादांसमोर, मोठ्या स्पीकरवरच तपासा. हेडफोनमध्ये गोड वाटणारी पेटी मंडपात कधी कधी ढोलकीखाली बुडते, कधी नाकात बोलते. मी माझ्या पेटीचा दोन किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा उचलून आणि खालचा खर्ज थोडा कमी करून दुसरी कॉपी "मंडप" नावाने ठेवलीये, नाट्यगृहात मूळ वाजवते, बाहेर ही.